साडेदहा इंच

नऊ महिने भरल्याबिगर लेकराचं काही शिवू नये,
आमची माय म्हणायची.
म्हणून कुंचीचं खणाचं कापड
घाटनांदूरच्या दुकानात, वरच्या फळीवर, तसंच घडीत.
शिवकांता सातव्यातच मोकळी झाली.
अकराशे चाळीस ग्रॅम.
माझ्या दोन कात्र्या तराजूत टाका, तेवढंच.

आता रोज सकाळच्या एसटीनं आंबाजोगाई.
डब्यात मऊ भात, पातळ वरण,
नको म्हणली तरी एक डिंकाचा लाडू.
आत फक्त आईला सोडतात.
मी बाहेर, चपलांच्या रांगेपाशी.
दर दोन तासांनी ती आत जाते, वाटीत दूध काढते,
येऊन बोटाच्या पेरावर दाखवते, इतकं.
वाटीचा तळ झाकला तर दिवस चांगला.

माझं काम काय, तर आलेल्यांना अडवणं.
बर्दापूरचे चुलते म्हणाले, राहील का?
मावशी म्हणाली, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही.
एकानं अंगारा आणला,
एकानं त्याच्या गावच्या अशाच लेकराची गोष्ट.
तिचा शेवट कळला तसं मी त्याला जिन्यातूनच
खाली चहाला नेलं.
दिवसाला सात चहा होतात.
चाकणहून दाजींचा फोन : वजन?
सकाळी वीस वाढलं होतं, रात्रीपर्यंत पस्तीस घटलं.
मी वीस सांगितले.
पस्तीस सांगितले दुसऱ्या दिवशी,
दहा वाढल्यावर.

पाचव्या दिवशी सिस्टर दारात आल्या.
तुमच्यात शिंपी कोण?
टोपी पाहिजे. विकतच्या सगळ्या ढगळ होतात.
जुनं, धुवून मऊ झालेलं कापड, आतून शिवण नको.
म्हणलं, माप?
त्यांनी माझ्या हातातली पिशवी बघितली.
मोसंबी, म्हणाल्या. मोठ्यातली.

पंचवीस वर्षं खाकी शिवली, नवरदेवांच्या सफाऱ्या शिवल्या,
मोसंबीला टेप पहिल्यांदाच लावला.
साडेदहा इंच.
बापूंचं धोतर पेटीत होतं. बापू नाहीत.
उकळलं, पत्र्यावर वाळवलं, कडक इस्त्री मारली,
कात्री लावताना हात जरा अडला.
शिंप्याला कापडात माया सोडायची सवय,
आतून सोडली तर लेकराला टोचणार.
म्हणून माया बाहेरून ठेवली.
ओबडधोबड दिसली. दिसू द्या.

शनिवारी दाजी आले.
सिस्टरनं शर्टाच्या गुंड्या सोडायला लावल्या
अन् लेकरू त्यांच्या उघड्या छातीवर ठेवलं.
दाराच्या काचेतून मी बघतोय,
टोपी नाकापर्यंत उतरलेली.
माझं माप चुकलं!
सिस्टरनं काठ दुमडून चिकटपट्टी लावली.
दाजी कंपनीत लोखंड दाबणारा माणूस,
हात कुठं ठेवावेत कळेना, हवेतच धरून बसला.
शिवकांता माझ्या शेजारी उभी राहून हसली.
हसली म्हणजे, नाकातून आवाज आला नुसता.
पण आला.

परळीकडची एक बाई बघत होती.
भाऊ, आमच्यालाबी शिवता का? जुळे हायेत.
मी दोन शिवून आणल्या.
सोमवारी तिनं एकच घेतली.

आज एकविसावा दिवस, तेराशे वीस.
टोपीचा कपाळावर वळ उठतोय म्हणे.
सिस्टरनं दोरा लावून नवं माप दिलं,
अकराला दोन सूत कमी.
लाईट जाऊन आली, मग मशीनवर बसलो.
या खेपेला माया सोडली, पाऊण इंच,
काठात दुमडून, लांब टाक्यानं,
पुढं उसवता यावी म्हणून.

खणाचं कापड फळीवरच आहे.
त्याला अजून हात लावला नाही.
उद्याची एसटी सव्वासहाला.